मधले वीस फूट

विनीत खातूंच्या पोटात कॅमेरा गेला, त्या दिवशी डोंबिवली पूर्वेच्या उषःकाल सोसायटीच्या फळ्यावर ‘पोट हे देवघर आहे, तिथे आगंतुक नकोत’ असा सुविचार होता. तो खुद्द खातूंनीच पहाटे साडेपाचला, ठाण्याला निघण्यापूर्वी, वळणदार तिरक्या अक्षरात लिहिला होता. रुग्णालयात जाताना असं काही लिहायला धैर्य लागतं. ते नसेल तर सवय लागते. खातूंना चौदा वर्षांची सवय होती.

हा फळा जिन्याखाली, मीटरच्या खोलीला लागून होता. सोसायटीने तो पाणी कधी येणार नाही हे सांगण्यासाठी घेतला होता. पण पाणी कधी येणार नाही हे हळूहळू सगळ्यांना पाठ झालं आणि फळा रिकामा राहिला. रंगाच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन खातूही त्याच सुमारास रिकामे झाले. तेव्हापासून त्यावर रोज सुविचार यायचा, आणि तो रोज पोटाबद्दलच असायचा. ‘घास लहान, आतडी महान.’ ‘जो उकिडवा बसतो, त्याचा कोठा हसतो.’ हा दुसरा त्यांचा विशेष लाडका. त्याच्या जोरावर त्यांनी गच्चीवर उकिडवे मंडळ काढलं होतं. रोज सकाळी साडेसहाला पंधरा-सोळा माणसं खातूंच्या देखरेखीखाली अर्धा तास उकिडवी बसत आणि मग एकमेकांचा हात धरून उठत.

मंडळात पहिल्या ओळीत बी विंगच्या आसावरी केतकर बसत. त्या विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. खातूंच्या सुविचारांत पुराव्याचा अभाव असतो, हे त्या दर वार्षिक सभेत नोंदवायला लावत, आणि फळा आळीपाळीने द्यावा अशी सूचनाही मांडत. खातूंचं उत्तर ठरलेलं असे : पुरावा म्हणजे मी. छप्पन्नाव्या वर्षी एक गोळी नाही, एक डॉक्टर नाही. यावर बाई गप्प बसत, कारण पुरावा समोर ताठ उभा असे.

आता तोच पुरावा दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकू लागला होता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन तेरावरून आठवर आलेलं. रक्त कुठेतरी चोरपावलांनी जातंय, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा खातूंना सर्वांत आधी आपलं आतडं आठवायला हवं होतं. आठवला तो फळा. त्यांच्याच पोटात बिघाड निघाला हे सोसायटीत कळलं, तर येत्या सभेत खडू केतकरबाईंच्या हातात जाणार, आणि उद्यापासून जिन्याखाली आम्ल आणि अल्कली.

म्हणून सगळं गुपचूप सुरू झालं. घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टर कृतिका दळवी यांच्याकडे नाव घातलं. डॉक्टर इतक्या तरुण होत्या, की खातूंनी आधी त्यांनाच डॉक्टर कधी येतील असं विचारलं. त्यांनी पहिल्या आठवड्यात तोंडातून दुर्बीण घातली, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या बाजूने. त्या दुसऱ्या बाजूबद्दल खातू कुणाशी कधी बोलले नाहीत, म्हणून आपणही बोलू नये. दोन्हीकडे सगळं स्वच्छ.

“वरून आलो, खालून आलो,” डॉक्टर कागदावर चित्र काढत म्हणाल्या, “आता मधलं लहान आतडं राहिलं. साधारण वीस फूट. तिथे नेहमीची दुर्बीण पोचत नाही. पूर्वी आम्ही नुसता अंदाज करायचो. आता कॅप्सूल आहे. तुम्ही गिळायची, ती आत आपली आपली जाते आणि फोटो काढते. पन्नास-साठ हजार.”

खातूंच्या लग्नात छत्तीस फोटो काढले होते, त्यातले अकरा हलले होते.

“कुठल्या गोळ्या चालू आहेत? दुखण्याच्या वगैरे?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकही नाही,” खातू म्हणाले.

खातू खोटं बोलत नव्हते, म्हणजे त्यांच्या मते नव्हते. त्यांच्या चष्म्याच्या घरात, काच पुसायच्या फडक्याखाली, गुलाबी गोळ्यांची एक पट्टी असे. ती गुडघ्यांची. गेली दोन वर्षं उकिडवं बसून उठताना गुडघे असे कडकडत, की मंडळातली माणसं वर आभाळाकडे बघत. ‘उठता येत नाही’ असं म्हणणारा नेता मंडळाला चालला नसता. म्हणून सकाळी सहाला एक गुलाबी गोळी, आणि हल्ली संध्याकाळी आणखी एक. पण गुडघ्याची गोळी गुडघ्यात जाते, तिचा पोटाशी काय संबंध? शिवाय शेजारच्या खुर्चीत पत्नी बसल्या होत्या. संचिताताई गेले सहा महिने नवऱ्याला दुधी आणि मुगाचं वरण घालत होत्या, आणि ‘आमच्याकडे गोळी येत नाही’ असं माहेरी अभिमानाने सांगत होत्या. त्यांच्यासमोर चष्म्याचं घर उघडणं शक्यच नव्हतं.

तर प्रश्न होता गुप्ततेचा, आणि तो गोळीने नाही, फॉर्मने सोडवला. म्हणजे फोडला. संमतीच्या फॉर्मवर रुग्णाची सही हवी, पत्नीची हवी, आणि एका साक्षीदाराची हवी जो नात्यातला नाही. खातूंनी काउंटरवर विचारलं, पोट माझं, आतडं माझं, याला बाहेरचा साक्षीदार कशाला? काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की नात्यातला चालत नाही. खातूंनी हेच आणखी दोन प्रकारे विचारून पाहिलं. उत्तर एकाच प्रकारे आलं.

सबंध सोसायटीत तोंड न उघडणारा माणूस एकच होता, आणि त्याचं नाव पोपट. पोपट भोईर. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्यांची भातशेती होती. आता तिथे त्यांचे सहा फ्लॅट होते. जमीन गेल्यापासून पोपटभाऊ बोलत नाहीत असं काही जण म्हणत. आधीही बोलत नव्हते असं त्यांची आई म्हणे. खातू फॉर्म घेऊन गेले, पोपटभाऊंनी एक शब्द न वाचता सही केली. काउंटरने ती परत पाठवली, कारण पॅन कार्डावर त्यांचा अंगठा होता. खातू पुन्हा गेले. पोपटभाऊंनी एक शब्द न बोलता अंगठा दिला. काउंटरने तोही परत पाठवला : माणूस सही करू शकत असेल तर अंगठा का? तिसऱ्या खेपेला खातूंनी दोन्ही घेतले आणि कार्डाची प्रत जोडली. पण तिसऱ्या खेपेला स्वयंपाकघरातून गंगुबाई बाहेर आल्या होत्या.

गंगुबाई, पोपटभाऊंच्या आई, वय ब्याऐंशी. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला आणि विचारलं, “काय रं इनीत, काय लिवून घेतंस माज्या पोराकरनं? जमीन त कवाच गेली.”

जमिनीचा संशय फिटावा म्हणून खातूंना खरं सांगावं लागलं. कॅमेरा गिळायचा, तो फोटो काढत जातो, मग आपोआप बाहेर पडतो.

“मंग परत देवाचा?”

नाही, टाकून द्यायचा.

म्हातारीने कागद परत केला. “चांगला कॅमेरा टाकून देवाचा,” ती शेवटी म्हणाली, “धुवून दुसऱ्याला नाय चालत?”

खरं तर हाच प्रश्न संचिताताईंनी घरी दोनदा विचारला होता. ज्या घरात दुधाच्या पिशव्या धुवून वाळत घालतात, तिथे एक चालू कॅमेरा संडासात सोडून द्यायचा ही कल्पना पचायला जड होती. हे आतडं नसलेल्या माणसालाही कळेल.

ठरलेल्या दिवशी सकाळी आठ वाजता, आदल्या दुपारपासून उपाशी आणि ते किळसवाणं औषध पिऊन आतून बाहेरून धुतलेले खातू खुर्चीत बसले. हितेश नावाचा चाळिशीचा तंत्रज्ञ होता. त्याने कमरेला पट्टा बांधला आणि पट्ट्याला एक डबी अडकवली. डबीवर निळा दिवा लुकलुकत होता आणि काडेपेटीएवढा पडदा होता. कॅप्सूल मोठ्या शेंगदाण्याएवढी, तिच्या तोंडाशीही दिवा लुकलुकत होता. खातूंनी ती जिभेवर ठेवली. तोंडात दिवाळी असल्यासारखं वाटलं. मग पाण्याचा घोट घेतला, आणि पडद्यावर त्यांना स्वतःचा घसा खालून दिसला. चौदा वर्षं ज्या विषयावर व्याख्यानं दिली, त्याच्याशी ही पहिलीच प्रत्यक्ष भेट.

दोन तास काही नाही, मग पाणी, चार तासांनी हलकं खाणं, कुठलंही औषध घ्यायचं तर आधी फोन करा, संध्याकाळी सहाला डबी परत. एवढं सांगून त्यांना घरी सोडलं. घोडबंदर रोडला गाड्यांची रांग हलत नव्हती. आठ तासांत वीस फूट हा कॅप्सूलचा वेग ऐकून खातू हसले होते, पण पाऊण तासाने त्यांच्या लक्षात आलं की टॅक्सीपेक्षा कॅप्सूल पुढे आहे. संचिताताई शेजारी फाइल छातीशी धरून बसल्या होत्या. रस्ताभरात एकदाच म्हणाल्या, “आत काही वाईट निघालं, तर मला आधी सांगायचं. फळ्यावर नंतर.”

तेव्हा खातूंना पहिल्यांदा फळ्याशिवाय दुसरी भीती वाटली. ती त्यांनी कळव्यापर्यंत पुरवली आणि मग खिडकीबाहेर सोडून दिली.

साडेअकराला हितेशचा फोन आला. डबी आपले फोटो तिकडेही पाठवत होती, आणि तिकडे दिसत होतं की कॅप्सूल अजून जठरातच फिरतेय. पुढे सरकेना. बॅटरी संपायच्या आत ती वीस फूट पार करायला हवी. “काका, चाला,” हितेश म्हणाला. “घरात नको, मोकळ्यावर. भराभर.”

खातू सदऱ्यावर जाकीट घालून आवारात उतरले. मे महिन्याच्या दुपारी जाकीट घातलेला माणूस, आणि जाकिटाआडून निळा उजेड. पहिली फेरी निर्विघ्न झाली. दुसऱ्या फेरीला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून गंगुबाईंचा आवाज आला. तो आवाज खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारण्यासाठी घडवलेला होता.

“कं रं इनीत, कॅमेरा उतरला का नाय पोटान्‌शी?”

उषःकाल सोसायटीत तीन विंग आणि बाहत्तर खिडक्या आहेत. खातूंनी त्या उघडताना मोजल्या नाहीत.

पाच मिनिटांत मंडळ खाली आलं. कुणी म्हणालं ओवा, कुणी म्हणालं उजव्या कुशीवर झोपा, ए-४०२ च्या बर्व्यांनी चार पायऱ्या उतरून उड्या मारायला सांगितलं, त्यांच्या मेव्हण्याचा मूतखडा असाच पडला होता. ‘आगंतुक नकोत’ हा सुविचार जिन्याखालून सगळ्यांच्या पाठीमागे दिसत होता, पण त्याचा विषय कुणी काढला नाही, याचंच खातूंना जास्त लागलं. केतकरबाई चष्मा लावून त्यांच्या कमरेशी वाकल्या आणि डबीवरचं त्यांचं जठर पाहू लागल्या. “वळ्या छान दिसतात,” त्या म्हणाल्या. “अगदी आकृतीतल्यासारख्या.” मग एकेकाने पाहिलं. गंगुबाईंना खुर्ची देण्यात आली. पुरावा समोर ताठ उभा होता, आणि आता आतूनही उपलब्ध होता.

सगळं मंडळ खातूंबरोबर चालू लागलं. माणूस चारचौघांत लंगडू शकत नाही. चौदाव्या फेरीला डावा गुडघा बोलू लागला, सतराव्याला उजवा. विसाव्या फेरीला खातूंनी पाणी प्यायचं निमित्त काढलं, टाकीच्या मागे गेले आणि चष्म्याचं घर उघडलं. औषध घेण्याआधी फोन करायचा, हे त्यांना आठवत होतं. पण औषध म्हणजे जे डॉक्टरांना सांगितलेलं असतं ते. ही तर सांगितलेली नव्हती.

गोळी गिळून त्यांनी सहज खाली पाहिलं. पडद्यावर त्यांचं जठर होतं, ओलं, शांत, फिकट गुलाबी. वरून पाण्याचा लोट आला, आणि त्यामागून, सावकाश गिरक्या घेत, त्याहून गडद गुलाबी रंगाची एक गोल वस्तू खाली आली आणि कॅमेऱ्यासमोर येऊन बसली. तिच्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. दोन गोळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग कॅप्सूलला जणू संकोच वाटला. ती वळली आणि इतका वेळ न सापडलेल्या दारातून आतड्यात निघून गेली.

“गेली!” हितेशचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, टाकीपलीकडे टाळ्या पडल्या. खातूंनी चष्म्याचं घर खिशात टाकलं.

पुढचे चार दिवस त्यांनी एका हिशेबावर काढले. साठ हजार फोटो. डॉक्टर तरुण, कामात. साठ हजारांत गोळीचे असतील पाच-पन्नास. एवढे कोण बघत बसतंय? लग्नाचे छत्तीससुद्धा कुणी पुन्हा पाहिले नव्हते.

“सगळे मी बघत नाही,” डॉक्टर कृतिकांनी पाचव्या दिवशी संगणक सुरू करत सांगितलं. “हल्ली आधी कॉम्प्युटर बघतो. साठ हजारांतून वेगळे वाटतील तेवढेच काढून देतो. याने काढलेला पहिला हा.”

पडदा भिंतीएवढा होता. त्यावर खातूंचं जठर, आणि मधोमध संगणकाने पिवळी चौकट आखून दाखवलेली ती.

डॉक्टर फोटो मोठा करून अक्षरं वाचू लागल्या, पण त्याआधीच संचिताताई म्हणाल्या, “गुडघ्याची. पन्नासची.”

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हिची नजर फारच तीक्ष्ण झाली आहे, असं खातूंना वाटलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. बायकोनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्या पर्सची चेन उगाच उघडबंद करत होत्या.

“किती दिवस घेताय?” डॉक्टरांनी विचारलं.

“तशी कधीतरी,” खातू म्हणाले. डॉक्टरांनी फोटो आणखी मोठा केला. “दोन वर्षं. दिवसाला दोन.”

डॉक्टरांनी पुढचे फोटो दाखवले. मधल्या वीस फुटांत जागोजाग लहान लहान जखमा होत्या, काहींतून रक्त झिरपत होतं. गाठ नाही, दुसरं काही नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी आतडं असं खरवडतं आणि वरच्या-खालच्या दुर्बिणीत ते दिसत नाही. कॅप्सूल आल्यापासून कळायला लागलं, असं त्या म्हणाल्या. “गोळी आजपासून बंद. लोह सुरू करू. जखमा भरतात. आणि काका, तुम्ही त्या दिवशी एवढं जरी सांगितलं असतंत, तर बरंच आधी कळलं असतं.”

बाहेर आल्यावर संचिताताई बाकावर बसल्या आणि फाइल मांडीवर ठेवून रडल्या. खातूंनी त्यांना रुमाल दिला. रागावतील अशी त्यांची तयारी होती. त्या रागावल्या नाहीत, आणि याने खातू अधिकच घाबरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते खडू घेऊन फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. यमक जुळेना. शेवटी त्यांनी चौदा वर्षांत पहिल्यांदा यमकाशिवाय लिहिलं :

‘उकिडवं बसून माझे गुडघे गेले. ते लपवायला मी दोन वर्षं चोरून दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. त्याने माझं आतडं सोललं आहे. आजपासून मंडळ बंद. खडू केतकरबाईंकडे देत आहे. — वि. खातू, ए-३०४.’

खडू खाली ठेवून ते वर आले आणि दिवसभर दार लावून बसले. बेल वाजली नाही. संध्याकाळी केतकरबाई खडू घ्यायला येतील म्हणून त्यांनी चेहरा तयार ठेवला होता, तोही वाया गेला. आपलं लिहिणं कुणी वाचलंच नाही, आजच काय, चौदा वर्षांत कधीच वाचलं नाही, असा विचार मनात आला. तो त्या जखमांपेक्षा जास्त झोंबला.

दुसऱ्या सकाळी ते फळा पुसायला म्हणून उतरले. खडू जागचा हलला होता. त्यांच्या मजकुराखाली, शाईच्या पेनने लिहावं तशा नेटक्या अक्षरात होतं : ‘मीसुद्धा. गेलं वर्षभर. — बी-२०३.’ बी-२०३ म्हणजे केतकरबाई. शेवटी पूर्णविराम होता. त्याखाली ‘ए-४०२ (दोघेही)’. मग ‘सी-१०१’, ‘सी-३०२, फक्त थंडीत’, ‘बी-४०१’, आणि असेच आणखी सात-आठ. एके ठिकाणी नुसतंच ‘पोपट’, कारण त्यांना कुठला फ्लॅट लिहावा हा प्रश्न पडला असणार. आणि त्याशेजारी एक अंगठा, खडूच्या पुडीत बुडवून उठवलेला, ब्याऐंशी वर्षांचा.

खातूंनी नावं मोजली. अख्खं मंडळ होतं. चौदा वर्षांत आपण केवढी माणसं उकिडवी बसवली, या विचाराने त्यांना एका डोळ्याने अभिमान आणि दुसऱ्याने पाणी आलं. मग त्यांची नजर अगदी तळाच्या ओळीवर गेली. तिथे बारीक अक्षरात ‘ए-३०४’ लिहिलं होतं.

आपला फ्लॅट आपण वर लिहिलाच आहे, मग हा खाली पुन्हा कुणी? त्यांनी वाकून पाहिलं. हा चार त्यांच्या ओळखीचा होता. फ्रिजवरच्या वाण्याच्या यादीत ‘साबण ४’ मधला चार असाच, शेपूट खाली लांबवलेला.

ते तीन मजले चढून वर आले. संचिताताई ओट्याशी उभ्या होत्या, दोन कप चहा गाळून झाला होता. टेबलावर खातूंचं चष्म्याचं घर होतं, आणि त्याच्या शेजारी त्यांचं स्वतःचं, मोतीबिंदूनंतर न लागणारं, तरी रोज पर्समध्ये जाणारं. दोन्ही उघडी होती, दोन्ही रिकामी.

खातू खुर्चीत बसले.

“त्या डॉक्टरणीची वेळ घ्या,” त्या चहा पुढे सरकवत म्हणाल्या. “आणि साक्षीदाराचं बघा. तुम्ही नात्यातले, तुम्ही चालणार नाही.”